खान्देशात पाच इंची रेसिंग ड्रोन : जोडणी, ट्यूनिंग, दुरुस्ती

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आपल्या भागातून पाच इंची, म्हणजे पाच इंच व्यासाच्या पात्यांच्या, रेसिंग ड्रोनबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एका धाग्यात घेऊ. ज्याला जे नक्की माहीत आहे ते त्याने लिहावं.

आधी किटबद्दल. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनंतर परदेशातून ड्रोन मागवायला बंदी आहे, मग तो तयार असो, अर्धवट सुटा असो की पूर्ण सुटा. सुट्या भागांच्या आयातीला बंदी नाही. तेव्हा परदेशी दुकानातलं 'कम्प्लीट किट' मागवून ते कस्टममध्ये अडकवू नका. भारतातल्या विक्रेत्याकडून संच घ्या, नाहीतर भाग वेगवेगळे निवडा.

संचात हे हवं: ५ मिमी जाडीच्या बाह्यांची कार्बन फायबर फ्रेम, २२०७ आकाराच्या ४ मोटारी, ४५ ते ५५ अँपिअरचा फोर-इन-वन ईएससी (चारही मोटारींचा वेग नियंत्रित करणारा बोर्ड), एफ४०५ किंवा एफ७२२ चिपचा फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा बोर्ड), ईएलआरएस २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), कॅमेरा, व्हीटीएक्स (कॅमेऱ्याचं चित्र उडवणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या गॉगलला पाठवणारा) आणि अँटेना. पाते ५.१ इंची, तीन पाकळ्यांचं. बॅटरीसह वजन ६०० ते ६५० ग्रॅममध्ये बसलं तर जोडणी ठीक झाली समजा. ७०० च्या वर गेलं की तो फिरायला बरा, शर्यतीला नाही.

वेग वाढवायचा म्हटलं की बहुतेकांची नजर जास्त केव्हीच्या (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा) मोटारीकडे जाते. माझं ठाम मत आहे की पाच इंचीचा खरा वेग स्वच्छ जायरोमधून (ड्रोनचं फिरणं मोजणारा सेन्सर) येतो. कंपनं कमी असली की फिल्टर कमी लागतात, फिल्टर कमी झाले की विलंब कमी होतो, आणि तेव्हाच ट्रॅकवरच्या गेटच्या (चौकटीच्या) कडेला खेटून वळता येतं. जोडणी करताना हेच डोक्यात ठेवा.

सोल्डरिंगच्या आधी सगळं कोरडं जोडून पाहा. फ्रेमच्या कापलेल्या कडा ओल्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला मास्क लावून. कार्बनची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. न घासलेली कड मोटारीच्या वायरचं आवरण कापते, आणि कार्बन स्वतः वीज वाहतो, त्यामुळे शॉर्ट तिथेच होतो.

मोटारीचे स्क्रू एम३, ५ मिमी बाहीला ८ मिमी लांबीचे. बाहीखाली टीपीयूचा (लवचिक प्लास्टिकचा) बूट लावला तरच १० मिमी. लांब स्क्रू आत जाऊन तांब्याच्या वेढ्यांना टेकतो. मोटार फिरते, पण थ्रॉटल दिल्यावर ईएससी जळतो आणि कारण लक्षात येत नाही. स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक स्क्रूच्या डोक्याला, दुसरं मोटारीच्या तिन्ही वायरींना आळीपाळीने लावा. बीप आला तर स्क्रू काढा. आला नाही तर निळा थ्रेडलॉकर एक थेंब लावून पक्का करा.

शहादेकर

एक नंबर लिखेल शे भाऊ. माझ्याकडे ४एस (चार सेल मालिकेत) १५०० एमएएचच्या चार चांगल्या बॅटऱ्या आहेत. १९५० केव्हीच्या मोटारी घेतल्या तर आत्ता ४एस आणि पुढे ६एस असं चालेल का?

भुसावळ_लोको

चालेल, पण रडत. गणित करून पाहा. ४एस पूर्ण चार्ज म्हणजे १६.८ व्होल्ट, गुणिले १९५०, झाले मिनिटाला ३२,७६० फेरे. हा पाते नसतानाचा आकडा. ६एसवर २५.२ गुणिले १९५० म्हणजे ४९,१४०. म्हणजे तीच मोटार ४एसवर दोन तृतीयांशच फिरते. ४एसवर शर्यतीचा दम हवा तर २५०० च्या आसपासची केव्ही लागते, आणि त्या मोटारीवर पुढे ६एस लावली तर मोटार आणि ईएससी दोन्ही जातील.

६एसचा फायदा करंटमध्ये आहे. ६०० वॉट ओढायचे तर १४.८ व्होल्टवर साधारण ४० अँपिअर लागतात, २२.२ वर २७. वायर, जोड आणि बॅटरीचा अंतर्गत रोध यांत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ४एसवर शेवटच्या फेरीला व्होल्टेज बसतं. ६एसवर पहिली आणि शेवटची फेरी जवळपास सारखी वाटते.

शिकायला तुमच्या ४एस बॅटऱ्या वापराच. १९५० केव्हीवर ड्रोन मवाळ होतो, नवख्या हाताला ते बरंच आहे. पुढे ६एस ११०० ते १३०० एमएएच घ्या. चार्जर ६एसचा आहे ना, तेवढं मात्र आधी बघा.

काळीमाती

सोल्डरिंगवर मी लिहितो. अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असतं.

सोल्डर ६३/३७, शिशाचं, रोझिन गाभ्याचं. आयर्न किमान ६० वॉट, तापमान नियंत्रित. टोक छिन्नीसारखं चपटं, सुईसारखं अजिबात नको. सिग्नलच्या वायरींना ३५० अंश पुरतात. मोटारीच्या पॅडला ३८०. बॅटरीच्या मोठ्या पॅडला ४०० ते ४२० ठेवा आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) सढळ लावा. ऋण पॅड बोर्डातल्या तांब्याच्या थराला जोडलेला असल्यामुळे तो उष्णता ओढून घेतो. कमी तापमानात टोक टेकवून बसलात तर वरून गोळा चकचकीत दिसतो आणि खाली पॅडला चिकटलेलाच नसतो.

क्रम असा. पॅडला आधी सोल्डर द्या, गोल टेकडी येईल इतकं. वायरच्या टोकालाही द्या. वायर टेकडीवर ठेवून वरून दाबा, दोन्ही एकत्र वितळली की आयर्न उचला आणि सोल्डर गोठेपर्यंत वायर हलू देऊ नका. चांगला जोड वायरच्या तारांचा आकार दाखवतो आणि कडांना पॅडवर पसरलेला असतो. कडेला गोलाकार फट दिसली तर तो कोरडा जोड. पुन्हा फ्लक्स लावून वितळवा. बॅटरीची वायर १२ किंवा १४ गेज, सिलिकॉन आवरणाची, एक्सटी६० प्लगसकट १० सेंमीच्या आत. एक्सटी६० ला सोल्डर करताना समोरचा जोडीदार प्लग खोचून ठेवा, नाहीतर उष्णतेने पिना वाकड्या होतात.

कॅपॅसिटर विसरू नका. ६एसला १००० मायक्रोफॅरॅड, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा). पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण. पाय जितके आखूड तितका तो कामाचा. लांब वायरीवर टांगलेला कॅपॅसिटर व्हिडिओतल्या रेषा कमी करत नाही. ३५ व्होल्टचा की ५० चा यावर वाद होतो. थ्रॉटल सोडल्यावर मोटार ब्रेक घेते आणि करंट उलटा ढकलते, तेव्हा व्होल्टेज २५ च्या वर उसळतं. जागा असेल तर ५०, नसेल तर ३५ चालतो.

पहिल्यांदा बॅटरी लावण्याआधी एक्सटी६० च्या दोन टोकांवर मल्टिमीटरचा बीप घ्या. क्षणभर बीप होऊन थांबला तर ठीक, तो कॅपॅसिटर भरत असतो. बीप सुरूच राहिला तर शॉर्ट आहे. तो आधी शोधा. शॉर्ट नसला तरी पहिल्यांदा बॅटरी थेट न लावता मध्ये दिवा घाला. ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मिळतो, तो धन वायरीत मालिकेत जोडायचा. झटकन उजळून विझला तर सर्किट ठीक, पेटून राहिला तर लगेच काढा. मोटारसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब ६एसवर शॉर्ट आला की उडतो. तोच वापरायचा तर दोन बल्ब मालिकेत घ्या. बल्ब मध्ये असताना मोटारी फिरवायच्या नाहीत.

केळीबाग_रावेर

दवाचं काय? हिवाळ्यात सकाळी केळीच्या बांधावर उडवला की ओला होतोच.

काळीमाती

ताई, कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा पाणीरोधक थर) लावा. सिलिकॉनचं घ्या, दोन पातळ हात, मध्ये वाळू द्या. यूएसबीचं तोंड, बूट बटण (फर्मवेअर टाकताना दाबायचं), बॅरोमीटर आणि प्लगच्या पिना सोडून. बॅरोमीटरवर पडलं तर त्याचं छिद्र बुजतं. त्या कोटिंगमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग असतो, नोटा तपासायच्या टॉर्चखाली धरलं की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. लावण्याआधी फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने आणि टूथब्रशने पूर्ण काढा.

गिरणाकाठ

आता बीटाफ्लाइट, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरचं सॉफ्टवेअर. पाती काढलेली असतील तरच पुढे वाचा. आर्मिंगचं (मोटारी सुरू करायचं) स्विच चुकून लागलं तर पाच इंची पातं बोटाच्या हाडापर्यंत जातं.

फर्मवेअर टाकताना आपल्या बोर्डाचंच टार्गेट (त्या बोर्डासाठीची आवृत्ती) निवडा. सर्वात आधी सेटअपमध्ये ड्रोन हाताने पुढे झुकवा, स्क्रीनवरचाही पुढेच झुकला पाहिजे. यूएसबी बाजूला यावी म्हणून बोर्ड ९० अंशात बसवला असेल तर तेवढा कोन भरा. हे चुकलं की पहिल्या उड्डाणात ड्रोन जमिनीवरच उलटतो.

रिसीव्हरची टीएक्स (पाठवणारी) तार बोर्डाच्या आरएक्सला (घेणाऱ्या पॅडला) आणि आरएक्स टीएक्सला. पोर्ट्समध्ये त्या यूआर्टवर (सीरियल पोर्टवर) सीरियल आरएक्स, प्रोटोकॉल सीआरएसएफ. ईएलआरएसमध्ये रिमोट आणि रिसीव्हरचा बाइंडिंग फ्रेज (दोघांना जोडणारा परवलीचा शब्द) आणि फर्मवेअरची मुख्य आवृत्ती सारखी असावी. एकीकडे २ आणि दुसरीकडे ३ असेल तर ते जुळणारच नाहीत.

मोटारींचा क्रम: १ मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे, ४ पुढे डावीकडे. शर्यतीला 'प्रॉप्स आउट', म्हणजे पुढची पाती कॅमेऱ्यापासून बाहेरच्या बाजूला फिरणारी, बरी. गेटला घासल्यावर ड्रोन आत ओढला जाण्याऐवजी बाहेर ढकलला जातो, आणि गवताचा कचरा काचेवर येत नाही. दिशा उलटवली तर कॉन्फिगरेशनमध्ये मोटार दिशा 'रिव्हर्स्ड' करा. ते विसरलात तर ड्रोन उचलताक्षणी भोवऱ्यासारखा गरगरतो.

एफ४०५ वर डीशॉट३०० (ईएससीला आज्ञा द्यायचा डिजिटल प्रोटोकॉल) आणि ४ किलोहर्ट्झचा पीआयडी लूप (जायरो वाचून मोटारींचा वेग दुरुस्त करणारं गणित) पुरेसा आहे. द्विदिश डीशॉट सुरू करा, त्यात ईएससी मोटारीचे फेरे परत कळवतो, आणि त्याशिवाय आरपीएम फिल्टर (मोटारीच्या फेऱ्यांचं कंपन गाळणारा) चालत नाही. ईएससीचं फर्मवेअर बीएलहेली_एस असेल तर त्याजागी आधी ब्लूजे टाकावं लागतं. एएम३२ ला गरज नाही. मोटारीचे पोल १४, म्हणजे घंटेतले (मोटारीच्या फिरत्या कवचातले) चुंबक मोजायचे, वेढ्यांचे खांब नाही. मोटार टॅबमधली त्रुटींची (एरर) टक्केवारी शून्याच्या जवळ हवी. एकाच मोटारीची जास्त आली तर तिचा सिग्नलचा जोड पाहा.

फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते) 'ड्रॉप', म्हणजे मोटारी बंद. रिमोट बंद करून मोटारी थांबतात का, हे जमिनीवर पाहिल्याशिवाय उडवायचं नाही.

अमळनेरी

सगळं असंच केलं. ड्रोन उडतो, पण दोन मिनिटांत मोटारी हात लावता येत नाही इतक्या तापतात आणि थ्रॉटल सोडला की खरखर आवाज येतो. फिल्टर वाढवले तर आवाज कमी, पण वळताना ढिला वाटतो. मोटारी खराब आहेत का?

भुसावळ_लोको

चारही एकत्र तापतात की एकच?

अमळनेरी

चारही. मागची उजवी थोडी जास्त.

गिरणाकाठ

अमळनेरी भाऊ, फिल्टर मूळ जागी न्या. त्यांनी रोग झाकला जातो. आधी यंत्राचा भाग तपासा, नंतर सॉफ्टवेअर.

पाती नवीन लावा. डोळ्याला दिसत नाही असा वाकही पुरतो. पाती काढून प्रत्येक मोटार बोटाने फिरवा. चुंबकांच्या अटकण्याने होणारे टप्पे जाणवणारच, पण मध्येच खसखस जाणवली तर बेअरिंग गेलं किंवा आत खडा आहे. घंटा धरून वर-खाली हलवा, खेळ असेल तर खालचा सी-क्लिप किंवा स्क्रू पाहा. मागच्या उजवीपासून सुरुवात करा. मग बाहीचे स्क्रू. बाही पिळून पाहिली की फ्रेमच्या पोटाशी कुरकुर ऐकू येते, ती आली तर सगळे स्क्रू सोडून पुन्हा समान आवळा.

त्यानंतर स्टॅक, म्हणजे एकावर एक बसवलेले बोर्ड. फ्लाइट कंट्रोलर रबरी गोट्यांवर तरंगायला हवा. नट इतका आवळतात की रबर चेपून पत्रा होतं, मग सॉफ्ट माउंटचा उपयोग शून्य. नट बोटाने थांबेपर्यंत, वर पाव फेरा, बस. कॅमेऱ्याची किंवा बॅटरीची ताठ वायर बोर्डाला टेकलेली असते, तीही कंपनं थेट जायरोला देते. बोर्डाच्या चारही बाजूंनी कागद सरकवून पाहा, कुठे अडतो ते कळेल.

एवढं करूनही तापल्या तर डी (पीआयडीतला, झटके शमवणारा भाग) कमी करा. डॅम्पिंगचा स्लायडर १ वरून ०.८ वर आणा, ३० सेकंद उडवा, उतरवा, मोटारीवर बोट ठेवा. तीन सेकंद ठेवता आलं पाहिजे. डी हा जायरोच्या बदलाच्या वेगावर काम करतो, म्हणून बारीक उच्च वारंवारतेचं कंपन तो मोठं करून मोटारीला देतो. मोटार सेकंदाला शेकडो वेळा वेग वाढवत-कमी करत बसते, आणि ती शक्ती उष्णतेत जाते.

ब्लॅकबॉक्स (उड्डाणाची नोंद) असेल तर फिल्टर न केलेला जायरो पाहा. थ्रॉटलबरोबर वर सरकणारी रेघ मोटारीची असते. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे ५०० हर्ट्झ. ती आरपीएम फिल्टर पकडतो. थ्रॉटल बदलला तरी जागेवर राहणारी रेघ फ्रेमची किंवा ढिल्या भागाची, तिच्यासाठी डायनॅमिक नॉच (कंपनाची वारंवारता शोधून तेवढीच गाळणारा फिल्टर) आहे, पण आधी स्क्रू.

अमळनेरी

मागच्या उजव्या मोटारीला वर-खाली खेळ होता, खालचा स्क्रू ढिला. आणि बॅटरीची वायर बोर्डाच्या कडेला दाबून बसली होती. दोन्ही नीट केलं. आवाज गेला, मोटारी कोमट. डॅम्पिंग परत १ वर आणू का?

गिरणाकाठ

आणा. मग ०.१ ने वर जा. खाली येताना स्वतःच्याच वाऱ्यात ड्रोन थरथरतो, ती थरथर कमी होईपर्यंत. बोटाची परीक्षा प्रत्येक पायरीला. आयडलही (थ्रॉटल शून्यावर असतानाचा मोटारीचा वेग) डायनॅमिक करा, ३० भरलं की किमान ३००० फेरे राहतात आणि उलट्या गिरकीत मोटार बंद पडत नाही.

तापी_ते_सातपुडा

उन्हाळ्याचं कुणी लिहिलं नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४४-४५ अंश होतात. २० अंशांच्या मानाने ४४ अंशांत हवा साधारण ८ टक्के विरळ असते, तेवढ्याच फेऱ्यांना उचल तितकी कमी. त्यात ईएससी आधीच तापलेला. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत उडवा.

व्हीटीएक्स हवेच्या झोतावर थंड राहतो. टेबलावर तो ६००-८०० मिलिवॉटवर सोडला तर काही मिनिटांत भाजायला लागतो, कधी कायमचा मुका होतो. सेटिंग करताना २५ मिलिवॉट किंवा पिट मोड (अगदी क्षीण प्रक्षेपण), समोर टेबल फॅन. आणि अँटेनाशिवाय व्हीटीएक्सला कधीच वीज नाही. शक्ती बाहेर पडायला वाट नसली की आउटपुटचा भाग जळतो.

लायपो (ड्रोनची लिथियम पॉलिमर बॅटरी) पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरात, खालच्या मजल्यावर, मातीच्या कुंडीत, वर सैल झाकण. हवाबंद लोखंडी पेटी नको, पेट घेतला तर वायू कोंडून फुटते. दोन दिवसांत उडवणार नसाल तर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवा. उडवून आल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जला लावायची नाही. चार्ज १सी, म्हणजे १३०० एमएएचला १.३ अँपिअर. सेल ३.५ ला आला की उतरवा. फुगलेली बॅटरी बल्बवर पूर्ण रिकामी करून ई-कचऱ्यात द्या.

काळीमाती

त्यात मातीची भर घालतो. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या उपटलेलं रान मोकळं असतं, सगळे तिथेच जातात. काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये जाते, आणि उरलेली खुंटं पाती खातात. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडवरूनच उडवा. नदीपात्र त्याहून वाईट. आपल्या नद्यांच्या वाळूत बेसाल्टमधून आलेले काळे लोहकण असतात, ते मोटारीच्या चुंबकांना चिकटतात. फुंकर मारून निघत नाहीत. घंटा काढून चिकटपट्टीचा रोल उलटा करून दाबत दाबत उचला.

केळीबाग_रावेर

बागेत पडला तर शोधायचा कसा? सहा-सात फुटांवर पानांचं छत, खाली काही दिसत नाही. आणि बागेच्या पलीकडे गेला की व्हिडिओ जातो.

भुसावळ_लोको

ताई, केळीच्या खोडात आणि पानात पाणीच पाणी. २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ दोन्ही ते शोषतं, ५.८ जास्त. शक्ती वाढवून फारसं हाती लागत नाही. गॉगल घालून बसताना बागेपेक्षा उंच जागा घ्या, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा विहिरीच्या बांधाशेजारचा उंचवटा. ट्रॅक बागेच्या अलीकडेच ठेवा.

शोधायला स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर लावा, ५-६ ग्रॅमचा. पडताना मुख्य बॅटरी सुटली तरी तो ओरडतो. डीशॉट बीकन मोटारींतून आवाज काढतो, पण बॅटरी लागलेली असेल तरच. गॉगलचं रेकॉर्डिंग नेहमी चालू ठेवा. शेवटच्या चित्रात किती ओळी दिसतात ते मोजून त्या सरीत शिरा. रिमोटवर सिग्नलची ताकद पाहत चाला, आकडा सुधारतो त्या बाजूला ड्रोन.

नियमांचंही इथेच सांगतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंत 'मायक्रो'. व्यावसायिक वापर नसेल तर पायलट परवाना लागत नाही, पण नोंदणी आणि ओळख क्रमांक लागतो. सरकारच्या ड्रोन नकाशावर आपलं रान हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात आहे का ते उडवण्याआधी पाहा. जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला धावपट्टी, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी. हिरव्या क्षेत्रात कमाल १२० मीटर, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात ६० मीटर. गॉगल घातला की स्वतःला आकाश दिसत नाही, म्हणून शेजारी एक जण उघड्या डोळ्यांनी पाहणारा हवाच.

शहादेकर

सुधारणा कुठून सुरू करायच्या? पैसे एकाच गोष्टीला आहेत.

तापी_ते_सातपुडा

पैसे पात्यांना. एक डझन जोड घ्या, ४.३ पिच (एका फेऱ्यात पातं किती इंच पुढे सरकतं, तो आकडा) आणि ४.९ पिच अर्धे अर्धे. जास्त पिचला सरळ रेषेत वेग मिळतो, पण करंट वाढतो आणि अरुंद वळणातून बाहेर पडताना मोटार दमते. गेट जवळ जवळ असतील तर ४.३.

बाकी फुकट आहे. अॅक्शन कॅमेरा, त्याचा माउंट, जीपीएस काढा. मोटारीच्या वायरी मापात कापा. बॅटरी मधोमध, चार पात्यांच्या केंद्रांना जोडणारे कर्ण छेदतात तिथे. पुढे-मागे सरकली की दोन मोटारी कायम जास्त फिरतात, आणि त्यांच्याकडे वळणासाठी उरत नाही. बॅटरीखाली सिलिकॉनची पट्टी चिकटवा, नाहीतर धडकेत ती सरकून पात्यात जाते. कॅमेऱ्याचा कोन २५ अंशांपासून सुरू करून ५-५ ने वाढवा. कोन जास्त म्हणजे समोर पाहायला ड्रोन जास्त झुकवावा लागतो, म्हणजे वेग आपोआप वाढतो.

गेटला पाऊण इंची पीव्हीसी पाइप, पाच फूट चौरस, कोपऱ्यांना एल्बो, न चिकटवता. धडक बसली की सुटून पडतात, बाही वाचते.

अमळनेरी

सुटे भाग जवळ काय ठेवावेत? आमच्याकडे कुरिअरला चार-पाच दिवस लागतात.

काळीमाती

दोन बाह्या, एक मोटार, पाती भरपूर. एम३ चे ८ मिमी स्क्रू २०, एम५ चे नायलॉन नट ८. नट पाच-सहा वेळा काढून घातला की नायलॉन पकड सोडतं, हाताने फिरायला लागला तर फेका. त्यावर थ्रेडलॉकर लावू नका. एक व्हीटीएक्स अँटेना, ती सगळ्यात आधी तुटते. ८ मिमीचा पाना आणि २ मिमीची चांगल्या पोलादाची हेक्स की. बीटाफ्लाइटच्या सीएलआय (आज्ञा लिहायच्या) टॅबमध्ये आपल्या बोर्डावर 'डिफ ऑल' चालवून आलेला मजकूर फोनमध्ये जतन करा. बोर्ड बदलावा लागला तर तोच पोर्ट, रेट, ट्यून सगळं परत देतो. फक्त टार्गेट वेगळं असेल तर आख्खा चिकटवू नका, मोटार आणि यूआर्टच्या ओळी वाचून एकेक टाका.